पर्जन्यवनातील पक्षी किती वर्षे जगतो? एका टक्केवारीचा दीर्घ शोध

पनामा कालव्याच्या पूर्वेस सोबेरानिया नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे २२ हजार हेक्टरांच्या या सदाहरित अरण्यात कुऱ्हाड चालत नाही. तरीही तेथील दाट झाडीच्या तळाशी वावरणारे पक्षी कमी होत आहेत. १९७७ ते २०२० या ४४ वर्षांत एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने जाळी लावून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ५७ जातींपैकी ४० जातींची संख्या घटली होती. त्यांतील ३५ जाती तर निम्म्याहूनही कमी उरल्या होत्या. वाढ दिसली ती केवळ दोन जातींमध्ये.

जंगल शाबूत असताना पक्षी कमी का व्हावेत, हा प्रश्न साहजिकच उपस्थित झाला. याचे उत्तर शोधण्यासाठी आधी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. पिल्ले पुरेशी जन्माला येत नाहीत, की मोठे पक्षी पूर्वीपेक्षा लवकर मरत आहेत? पहिले कारण असेल तर घरटी, अंडी आणि शिकारी प्राणी यांच्याकडे लक्ष द्यावे लागेल. दुसरे असेल तर अन्न, पाऊस, उष्णता आणि रोग यांच्याकडे. संख्या मोजून हा भेद कळत नाही. त्यासाठी 'जीवितदर' लागतो. या वर्षी जिवंत असलेल्या शंभर पक्ष्यांपैकी पुढील वर्षी त्याच सुमारास किती जिवंत असतील, याचे प्रमाण म्हणजे वार्षिक जीवितदर.

ऐकायला सोपा वाटणारा हा आकडा उष्णकटिबंधीय वनांतील पक्ष्यांच्या बाबतीत मिळवणे अत्यंत कठीण आहे. त्याच्यावरून पक्षिशास्त्रज्ञांमध्ये अनेक दशके वाद झाला आणि तो अजूनही पूर्णपणे मिटलेला नाही.

दोन अंड्यांचे कोडे

या वादाची सुरुवात अंड्यांपासून झाली. युरोपातील टिट कुळातील छोटे पक्षी एका वेळी आठ-दहा अंडी घालतात. उष्ण प्रदेशातील बहुतेक वनपक्षी मात्र दोनच किंवा फार तर तीन अंडी घालतात. आपल्याकडील बुलबुलाचे घरटे ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हा हिशेब परिचयाचा असेल. पूर्व आफ्रिकेत काम केलेले रेजिनल्ड मोरो, इंग्लंडमधील डेव्हिड लॅक आणि कोस्टारिकात आयुष्य घालवलेले अलेक्झांडर स्कच यांनी १९४० च्या दशकात या फरकावर विस्ताराने लिहिले. फरक का पडतो, याबद्दल त्यांच्यात मतभेद होते. पण एक गोष्ट जवळपास सर्वांनी गृहीत धरली होती. जी जात वर्षाला कमी पिल्ले वाढवते आणि तरीही टिकून राहते, तिचे प्रौढ पक्षी दीर्घायुषी असलेच पाहिजेत.

या तर्काला पहिला भक्कम पुरावा त्रिनिदाद बेटावरून मिळाला. तेथील अरिमा खोऱ्यात 'सिमला' नावाचे (होय, आपल्या सिमल्याच्याच नावाचे) एक संशोधन केंद्र होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड स्नो यांनी त्या परिसरात मॅनॅकिन या लहानशा फळभक्षी पक्ष्याच्या पायांत रंगीत कडी घातली. या जातीचे नर जमिनीलगतची एक ठराविक जागा स्वच्छ करून तेथे वर्षानुवर्षे नाचतात. त्यामुळे कोणता नर परत आला आणि कोणता नाही, हे पाहणे सोपे होते. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रौढ नरांचा वार्षिक जीवितदर ८९ टक्के निघाला. युरोपातील बागेत वावरणाऱ्या तेवढ्याच आकाराच्या पक्ष्यांमध्ये वर्षाला निम्मे मरतात, हे तोवर ठाऊक झाले होते. दोन्हींमधील अंतर एवढे ठळक होते की, 'उष्ण प्रदेशातील पक्षी दीर्घायुषी असतात' हे वाक्य पाठ्यपुस्तकांत स्थिरावले.

येथे थोडे थांबून विचार करायला हवा होता, आणि तो बराच काळ कोणी केला नाही. नाचाची जागा मिळवलेला नर हा त्या जातीतील यशस्वी पक्षी असतो. त्याच्यावरून सर्व नरांचा, माद्यांचा आणि तरुण पक्ष्यांचा अंदाज बांधणे म्हणजे गावातील पेन्शनरांवरून गावाचे आयुर्मान ठरवण्यासारखे आहे.

जाळे, कडे आणि पुन्हा जाळे

जंगलातील पक्ष्याचे वय त्याच्याकडे पाहून कळत नाही. प्रौढ पिसारा आला की दोन वर्षांचा पक्षी आणि दहा वर्षांचा पक्षी सारखेच दिसतात. मेलेला पक्षी तर सापडतच नाही. उष्ण, दमट जमिनीवर मुंग्या आणि किडे काही तासांत त्याची विल्हेवाट लावतात. म्हणून उरतो तो एकच मार्ग : पक्षी पकडायचा, त्याला खूण करायची, सोडायचे आणि पुन्हा पकडला जातो का याची वाट पाहायची.

यासाठी मिस्ट नेट नावाचे बारीक काळ्या धाग्यांचे जाळे वापरतात. साधारण १२ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच असे हे जाळे दोन काठ्यांमध्ये झाडोऱ्याच्या सावलीत ताणले की पक्ष्याला ते दिसत नाही. तो येऊन धडकतो आणि जाळ्याच्या झोळात अलगद पडतो. कार्यकर्ते ठराविक वेळाने जाळ्यांची फेरी करतात, पक्षी सोडवतात, वजन आणि पंखाची लांबी घेतात आणि क्रमांक कोरलेले ॲल्युमिनियमचे हलके कडे पायात घालून त्याला मोकळे करतात. पाऊस आला तर जाळी ताबडतोब गुंडाळावी लागतात, कारण भिजलेला पक्षी जाळ्यात लटकत राहिला तर गारठून मरू शकतो. एका पक्ष्यासाठी कुशल माणसाला काही मिनिटे पुरतात. पण ते कौशल्य अंगी बाणायला काही हंगाम जावे लागतात.

आता हिशेबाकडे येऊ. समजा, पहिल्या वर्षी १०० पक्ष्यांना कडी घातली. दुसऱ्या वर्षी त्यांपैकी ३० पुन्हा सापडले. म्हणजे जीवितदर ३० टक्के झाला का? नाही. उरलेल्या ७० पैकी काही मेले असतील, पण काही जिवंत असूनही जाळ्यात आले नसतील. या दोन शक्यता वेगळ्या करायच्या कशा?

युक्ती तिसऱ्या वर्षात आहे. समजा, तिसऱ्या वर्षी त्या मूळ १०० पैकी १८ पक्षी सापडले आणि नोंदवही उघडल्यावर दिसले की, या १८ पैकी ९ पक्षी दुसऱ्या वर्षी सापडले होते, तर ९ सापडले नव्हते. हे सर्व १८ पक्षी दुसऱ्या वर्षी नक्कीच जिवंत होते, कारण तिसऱ्या वर्षी ते हातात आले. म्हणजे दुसऱ्या वर्षी जिवंत पक्षी जाळ्यात सापडण्याची शक्यता सुमारे ५० टक्के होती. मग त्या वर्षी सापडलेले ३० हे प्रत्यक्ष जिवंत असलेल्यांच्या निम्मेच होते. जिवंत होते ६०. म्हणून जीवितदर ३० नव्हे, ६० टक्के.

या साध्या कल्पनेला काटेकोर गणिती रूप देण्याचे श्रेय रिचर्ड कॉर्मॅक, जॉर्ज जॉली आणि जॉर्ज सेबर या तीन संख्याशास्त्रज्ञांकडे जाते. कॉर्मॅक यांचा लेख १९६४ मध्ये आणि इतर दोघांचे लेख १९६५ मध्ये आले. कॉर्मॅक यांच्यापुढे होते ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरचे फुलमार नावाचे समुद्रपक्षी, म्हणजे पर्जन्यवनाशी काडीचाही संबंध नसलेले जीव. पुढे संगणक आले, 'मार्क' नावाची आज्ञावली १९९० च्या दशकात सर्वत्र पोहोचली आणि हजारो पक्ष्यांच्या वीस-वीस वर्षांच्या नोंदी एकत्र तपासणे शक्य झाले. तरी मूळ तर्क तोच राहिला. प्रत्येक पक्ष्याच्या नावापुढे सापडला तर एक आणि सापडला नाही तर शून्य असे आकडे लिहीत जायचे. मधली शून्ये पकडण्याची शक्यता सांगतात, शेवटची शून्ये मृत्यूबद्दल बोलतात.

१९९० चा धक्का

ही पद्धत उष्णकटिबंधीय वनपक्ष्यांना व्यवस्थित लावली गेली ती १९९० मध्ये. जेम्स कार, जेम्स निकोल्स, कॅथलीन क्लिमकिविझ आणि जेफ्री ब्रॉन यांनी पनामातील २५ जाती आणि अमेरिकेतील मेरीलंड राज्यातील १० जाती यांच्या नोंदी एकाच गणिताने तपासल्या. पनामातील पक्ष्यांचा सरासरी जीवितदर ५६ टक्क्यांच्या आसपास निघाला आणि मेरीलंडचा त्याहून जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी कमी. एवढा फरक नसल्यातच जमा होता. रूढ मत 'तग धरील काय' असा श्लेष या लेखाच्या शीर्षकातच होता आणि लेखकांचे उत्तर नकारार्थी होते.

५६ टक्के याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. शंभर प्रौढ पक्ष्यांपैकी पाच वर्षांनंतर पाच-सहाच उरतात. जीवितदर ६५ टक्के असेल तर १२ उरतात. ८० टक्के असेल तर ३३. वर्षाच्या आकड्यातील थोडा फरक काही वर्षांत किती मोठा होतो, हे यावरून लक्षात येते. चक्रवाढ व्याज ठाऊक असलेल्यांना याचे नवल वाटणार नाही.

साहजिकच वादाला तोंड फुटले. १९९७ मध्ये त्रिनिदादमधील १७ जातींच्या अभ्यासातून सरासरी सुमारे ६५ टक्के जीवितदर पुढे आला. हा आकडा समशीतोष्ण प्रदेशापेक्षा निश्चितच जास्त होता, पण स्नो यांच्या ८९ टक्क्यांपासून तो बराच दूर होता. मग पनामाचे पक्षी अल्पायुषी आणि त्रिनिदादचे दीर्घायुषी, असे म्हणायचे का? की मोजण्यातच काही खोट होती?

मेला की निघून गेला?

मोजण्यात अडचण होती, आणि ती संशोधकांना अपरिचित नव्हती. जाळ्यात पुन्हा न सापडणारा पक्षी मेला असे गणित धरते. पण तो शेजारच्या खोऱ्यात कायमचा निघून गेला असला तरी गणिताच्या दृष्टीने तो मेलेलाच असतो. म्हणून या पद्धतीने मिळतो तो खरा जीवितदर नव्हे, तर 'भासमान' जीवितदर. खऱ्या जीवितदराला त्या जागी टिकून राहण्याच्या शक्यतेने गुणले की जो आकडा येतो, तो हा. समजा, ८० टक्के पक्षी जगले, पण जगलेल्यांपैकी ७० टक्केच त्या जागी राहिले, तर आकडा ५६ टक्के दिसेल. पनामातील पक्ष्यांचे असेच झाले असा दावा येथे नाही. पण दोन अगदी भिन्न वास्तवांतून एकच आकडा निघू शकतो, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

याचाच एक विशेष प्रकार म्हणजे वाटसरू पक्षी. पर्जन्यवनात जोड्या आपापल्या हद्दी वर्षभर राखून असतात. ज्यांना हद्द मिळालेली नाही, असे तरुण पक्षी त्यांच्यामधून फिरत राहतात. असा एखादा पक्षी एका सकाळी जाळ्यात येतो, कडे घेऊन जातो आणि पुन्हा कधीच दिसत नाही. लष्करी मुंग्यांच्या फौजांमागे फिरणारे अँटबर्ड आणि फुलोऱ्यामागे भटकणारे हमिंगबर्ड यांची कथा तशीच. एकदाच सापडलेले हे सर्व पक्षी हिशेबात मृत ठरतात आणि सरासरी खाली ओढतात. रॉजर प्रादेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा वाटसरूंना वेगळे काढण्याची गणिती रीत सुचवली. पनामाच्या संशोधकांनीही नंतर आपल्या नोंदी या दृष्टीने पुन्हा तपासल्या. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाची उलटतपासणी करणे सर्वांना जमत नाही. त्यांनी ती केली, याची नोंद घ्यायला हवी.

वयाचाही प्रश्न आहे. पहिल्या वर्षातील पक्षी प्रौढांपेक्षा अधिक मरतात. जाळ्यात आलेल्यांत ते मिसळले गेले की प्रौढांचा दर कमी दिसतो. ब्राझीलमधील मनाउस शहराजवळच्या ॲमेझॉन वनातील नोंदींवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वय वेगळे काढून पाहण्यात आले, तेव्हा उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांतील तफावत पुन्हा दिसू लागली.

बोर्निओतील किनाबालू पर्वतावर टॉम मार्टिन यांच्या पथकाने आणखी एक मार्ग धरला. जाळे लावून वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी पक्ष्यांना रंगीत कड्यांच्या वेगवेगळ्या जुळण्या घातल्या, घरटी शोधली आणि दुर्बिणीने प्रत्येक पक्ष्याचा माग काढला. अर्थातच, जाळ्याला एकदा फसलेला हुशार पक्षी दुसऱ्यांदा ते टाळत असला तरी दुर्बिणीतून तो सुटत नाही. २०१७ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, अशा कष्टाच्या पद्धतीने मिळणारे जीवितदर नुसत्या जाळ्यांनी मिळणाऱ्या दरांपेक्षा जास्त येतात. म्हणजे जुन्या वादातील काही भाग पक्ष्यांच्या आयुष्याचा नव्हता, तो संशोधकांच्या साधनांचा होता.

२०२० मध्ये जगभरातील २०४ अभ्यासांतील ९४९ अंदाज एकत्र करून पाहण्यात आले. उत्तर गोलार्धात विषुववृत्ताकडे जावे तसा जीवितदर वाढतो, असे त्यातून दिसले. दक्षिण गोलार्धात मात्र हा कल क्षीण आहे किंवा नाहीच. जुने मत अर्धे खरे ठरले, असे म्हणता येईल. ज्यांना एका वाक्यात उत्तर हवे असते, त्यांची यात निराशा होते. पण निसर्गातील बहुतेक नियम असेच अर्धेमुर्धे असतात.

दुर्मीळांचा हिशेब

पर्जन्यवनाची आणखी एक अडचण गणिताने सुटत नाही. पेरूमधील मनू राष्ट्रीय उद्यानात अवघ्या ९७ हेक्टर वनात २४५ निवासी जाती राहतात, असे जॉन टरबॉर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवले. जाती एवढ्या, पण त्यांतील बहुतेकांच्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वर्षानुवर्षे जाळी लावूनही एखाद्या जातीचे दहा-पंधरा पक्षीच हाती लागतात. त्यांच्यावरून जीवितदर काढला तर 'चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान' असे उत्तर येते. या उत्तरात चूक काही नसते, पण उपयोगही फारसा नसतो.

शिवाय जाळे जमिनीपासून अडीच-तीन मीटरपर्यंतच पोहोचते. तीस-चाळीस मीटर उंचीच्या शेंड्यांवर राहणारे पक्षी या सर्व आकडेवारीत जवळजवळ नाहीतच. 'उष्णकटिबंधीय वनपक्ष्यांचा जीवितदर' असे जेव्हा वाचनात येते, तेव्हा ते वनाच्या तळमजल्यावरील पक्ष्यांबद्दल आहे, हे ध्यानात ठेवावे.

आकड्याला एवढे महत्त्व का?

एका काल्पनिक जातीचा जमाखर्च मांडून पाहू. जोडी वर्षाला दोनदा घरटे करते, प्रत्येक वेळी दोन अंडी घालते आणि साप, माकडे, इतर पक्षी यांच्या तावडीतून तीनपैकी एकच घरटे वाचते. म्हणजे वर्षाला सरासरी एक पूर्णांक एक तृतीयांश पिल्ले घरट्यातून उडतात. प्रौढांचा जीवितदर ८० टक्के असेल, तर जोडीमागे वर्षाला ०.४ पक्ष्यांची तूट भरून काढावी लागेल. त्यासाठी उडालेल्या पिल्लांपैकी ३० टक्के जगली तरी पुरे. पण जीवितदर ५६ टक्के असेल, तर तूट ०.८८ पक्ष्यांची होते आणि पिल्लांपैकी ६६ टक्के जगावी लागतात. अननुभवी पिल्लांनी आईबापांपेक्षा अधिक संख्येने जगावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. मग एक तर जोड्या दोनहून अधिक वेळा घरटी करत असतील, किंवा ५६ हा आकडा खऱ्यापेक्षा कमी असेल, किंवा ती जात हळूहळू संपत असेल.

ही तिसरी शक्यताच संवर्धनाच्या दृष्टीने कळीची आहे. मोजमापातील चूक आणि प्रत्यक्ष ऱ्हास हे कागदावर सारखेच दिसतात. एका बाजूने चूक झाली तर सुखरूप जातीवर पैसा आणि मनुष्यबळ खर्च होते. दुसऱ्या बाजूने झाली तर धोक्यातील जात सुरक्षित समजली जाते आणि ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दीर्घायुषी पक्ष्यांच्या बाबतीत तर पिल्ले येणे थांबले तरी म्हातारे पक्षी अनेक वर्षे गात राहतात. जंगल भरलेले वाटते आणि मोजणीत काही उमटत नाही.

पिल्लांच्या बाबतीत पनामातील अँटश्राइक या पक्ष्याचा अभ्यास दिलासा देणारा आहे. कोरी टारवॉटर आणि सहकाऱ्यांनी पिल्लांवर लहान रेडिओ यंत्रे बसवून त्यांचा माग काढला. घरटे सोडल्यानंतरही ती दीर्घकाळ आईबापांसोबत राहतात आणि समशीतोष्ण प्रदेशातील पिल्लांच्या तुलनेत चांगल्या प्रमाणात जगतात, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत दिसले.

कोरडा ऋतू, वाढता मृत्यू

जीवितदराची दीर्घकालीन मालिका हाती आली की आणखी एक गोष्ट साधते. कोणत्या वर्षी मृत्यू वाढले आणि त्या वर्षी हवामान कसे होते, हे ताडून पाहता येते. पनामातील ३३ वर्षांच्या नोंदींवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० जातींपैकी जवळपास एक तृतीयांश जातींची वाढ कोरडा ऋतू लांबल्यास खुंटते, असे आढळले.

ॲमेझॉनमधून आलेली बातमी अधिक गंभीर आहे. मनाउसजवळच्या अस्पर्शित वनातील २९ जातींच्या चार हजारांहून अधिक पक्ष्यांच्या २७ वर्षांच्या नोंदी जेरेड वुल्फ आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. कोरड्या ऋतूचे सरासरी तापमान एक अंश सेल्सियसने वाढल्यास पक्ष्यांचा सरासरी भासमान जीवितदर ६३ टक्क्यांनी घटेल, असा त्यांचा २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. २९ पैकी २४ जातींत उष्ण, कोरड्या ऋतूंचा विपरीत परिणाम दिसला. येथेही 'भासमान' हा शब्द विसरून चालणार नाही. पक्षी मेले की थंड ओहोळांकडे सरकले, हे केवळ जाळ्यांच्या नोंदी पूर्णपणे सांगू शकत नाहीत. मात्र वनाच्या तळाशी राहणारे हे पक्षी फार दूर जाणारे नसतात, हेही तितकेच खरे आहे.

भारतात काय स्थिती?

पक्ष्यांना कडी घालण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली मोठी मोहीम हाती घेतली. कर्नाटकातील क्यासनूर वनज्वराचा उद्रेक त्याआधी दोनच वर्षांपूर्वी झाला होता आणि स्थलांतरित पक्षी विषाणू वाहून आणतात काय, हे तपासायचे होते. या मोहिमेतून पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात, याची अमूल्य माहिती मिळाली. जीवितदरासाठी मात्र वेगळ्या प्रकारचा धीर लागतो. दूर देशी सापडलेले एक कडे स्थलांतराची वाट दाखवते, पण जीवितदर काढायचा तर त्याच जागी, त्याच महिन्यात, तेवढीच जाळी लावून वर्षानुवर्षे परत यावे लागते.

२०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात ९४२ जातींचा आढावा घेऊन १७८ जातींना संवर्धनात अग्रक्रम देण्यात आला आहे. देशभरातील हौशी पक्षिनिरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर उभे राहिलेले हे काम मोलाचे आहे. संख्या कोठे घटते आहे, हे त्यातून समजते. ती मृत्यूमुळे घटते की जन्म कमी झाल्यामुळे, हे सांगण्यासाठी तो अहवाल नाही.

हा प्रश्न थेट विचारणारे एक काम अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट अभयारण्यात चालू आहे. भूगोलाच्या काटेकोर व्याख्येने ही जागा कर्कवृत्ताच्या उत्तरेस येते, पण तेथील दमट पहाडी वने आणि त्यांतील पक्षी यांचे नाते उष्णकटिबंधाशीच आहे. उमेश श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी २०११ पासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर मिस्ट नेट लावत आले आहेत. काही जाळी मूळ अरण्यात असतात, तर काही पूर्वी निवडक वृक्षतोड झालेल्या भागात. तोडलेले जंगल पुन्हा हिरवे झाले असले तरी ते आतून अधिक उष्ण आणि कोरडे राहते. दोन्ही ठिकाणच्या जीवितदरांची तुलना केल्यावर हवामानबदल आणि वृक्षतोड यांचे परिणाम एकमेकांत गुंतलेले आहेत, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात दाखवण्यात आले.

या कामात ईगलनेस्टच्या परिसरातील गावांतील तरुणांचा मोठा हात आहे. बोटाएवढ्या पक्ष्याच्या पायातील कड्यावरचा क्रमांक वाचून ते तो वहीत उतरवतात. क्रमांक जुना असेल, तर मागील वर्षांची पाने उलटली जातात. तीन वर्षे न दिसलेला पक्षी चौथ्या वर्षी त्याच झुडपाजवळच्या जाळ्यात आला, तर त्याच्या नावापुढची तीन शून्ये मृत्यूच्या रकान्यातून निघून पकडण्याच्या शक्यतेच्या रकान्यात जातात.